चिकूच्या झाडाला बांधलेला हवालदार

सर्व संबंधितांना या निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, देशाच्या सैन्याची जी फेररचना सध्या चालू आहे, तिचा एक महत्त्वाचा टप्पा तलासरी तालुक्यातल्या वेवजी गावी, माझ्या आईच्या परसात, पाच चिकूची झाडं, पेंढ्याची एक गंजी आणि अकरा कोंबड्या यांच्या साक्षीने पार पडला. संरक्षण खात्याला याची अजून कल्पना नाही. कुणी कळवू नये, ही नम्र विनंती.

मी तिथे निरीक्षक या नात्याने हजर होते. साध्या भाषेत सांगायचं तर संक्रांतीला माहेरी गेले होते. माझं सासर डहाणूजवळ आगरला. तिथून वेवजी गाठायचं म्हणजे दोन बसगाड्या आणि एक रिक्षा, आणि पिशवीत सुके बोंबील असले की तिन्ही वाहनांत आपल्याला ऐसपैस जागा मिळते. अनुभवाचे बोल आहेत.

दारात पोचले तर आई ओटीवर तीळ निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "मागे जाऊ नको. तिकडे लढाई चाललीय."

असं सांगितल्यावर मी मागे गेले नसते तर मी माझ्या आईची मुलगी कसली?

मागे माझा धाकटा भाऊ होता. हा सैन्यात हवालदार आहे, पायदळात. पलटणीचं नाव सांगणार नाही, कारण एक तर देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे आणि दुसरं म्हणजे भाऊ ओरडेल. वीस वर्षं झाली त्याला नोकरीत. दर सुट्टीला तो एक काळी ट्रंक आणि मिशीची नवी तऱ्हा घेऊन येतो. या खेपेला मिशी जुनीच होती. ट्रंकेसोबत मात्र एक पुठ्ठ्याचं खोकं होतं, आणि त्या खोक्यातून निघालेलं, तळहातापेक्षा थोडं मोठं, चार पात्यांचं ड्रोन आत्ता आमच्या परसात माझ्या भावाचा पाठलाग करत होतं.

हो, पाठलागच. तो उलट्या पावलांनी धावत होता आणि ते घोंगावत त्याच्या अंगावर येत होतं. शेवटी तो पाठीवर पेंढ्याच्या गंजीत कोसळला आणि ड्रोन त्याच्या पोटावर येऊन बसलं. कोंबड्या केव्हाच्या बैलगाडीखाली शिरल्या होत्या. त्यांच्या मते ती घार होती.

"ये ताई," पेंढ्यातून आवाज आला. "बोंबील आणलेस ना?"

जेवताना त्याने सगळं सांगितलं. त्याची पलटण लहान होणार होती. माणसं कमी, यंत्रं जास्त.

"आधी कसं होतं," तो भाकरी मोडत म्हणाला, "समोर डोंगर आहे, पलीकडे काय आहे ते माहीत नाही. मग आम्ही दहा जण निघायचो. दिवसभर चढायचं, गुपचूप बघायचं, परत येऊन साहेबांना सांगायचं."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता एक जण अलीकडेच बसणार. ते खोकं उडवणार. चहा निवायच्या आत डोंगरापलीकडचं सगळं स्क्रीनवर."

"मग बरंच झालं की," आई म्हणाली. "गुडघे दुखतात तुझे."

"आई, पण ते दहा जण कुठे जाणार?"

"आपापल्या घरी."

"त्या दहांत सगळ्यात पुढे चालणारा मी आहे."

आईने त्याच्या ताटात आणखी एक बोंबील टाकला. एवढंच तिच्या हातात होतं.

तर आता पेच असा होता. सुट्टी संपवून परत गेलं की परीक्षा. ड्रोन नीट हाताळता आलं तर तो पलटणीतच राहणार, नव्या ड्रोनवाल्या तुकडीत. नाही आलं तर पलटण सुटली. मग बदली रंगरुटांच्या प्रशिक्षण केंद्रात. तिथे नव्या भरतीला डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे शिकवायचं, सेवा संपेपर्यंत.

"तिकडे काय वाईट आहे?" मी म्हटलं. "उलट क्वार्टर मिळतं म्हणतात. कुटुंब नेता येतं. पलटण आता डोंगरावर, तिथे काय नेणार?"

हे मी बोलले आणि माझी भावजय आमटी वाढत होती ती वाटीच्या बाहेर गेली.

तिच्याबद्दल सांगायला हवं. ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. खिडकीजवळ तिचं मशीन आहे आणि मशीनवर बसली की तिच्याकडून शब्द काढणं म्हणजे शिंपल्यातून कालव काढण्यापेक्षा अवघड. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण भावाच्या सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक शिवल्या तर चार वर्षांचाही संसार भरत नाही. मागे दोनदा क्वार्टर मिळत होतं. एकदा बाबांचं दुखणं आडवं आलं, एकदा मुलीची दहावी. आता बाबा नाहीत, मुलगी नर्सिंग शिकायला नाशिकला. राहिली आई. तर तिने आधीच जाहीर करून ठेवलं होतं की, मी आगरला लेकीकडे जाईन, मासळीच्या वासात राहीन, पण माझ्यावाचून कुणाचं अडलं असं व्हायला नको. माझ्या घराबद्दलचा हा शेरा मी गिळला.

"तुला काय वाटतं गं?" भावाने तिला विचारलं.

ती फडक्याने आमटी पुसत होती. "तुम्हाला पाहिजे तसं होऊ दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी बैठक हलवली. मागच्या पडवीत खाट टाकली, शेंगा घेतल्या, आणि सैन्याच्या आधुनिकीकरणाचा प्रयोग रोज सकाळी नऊ ते अकरा बघायला लागले. प्रेक्षकांत माझ्या शेजारी पलीकडच्या घरचे काका असायचे. काका गुजराती बोलणारे, सत्तरीचे, आणि त्यांच्या पतंगाला पंचक्रोशीत तोड नाही. आमच्याकडे हद्द एवढी जवळ आहे की संक्रांत महाराष्ट्राची आणि उतराण गुजरातची एकाच दोरीवर उडते. माझ्या भावाला पतंग याच काकांनी शिकवला. सात वर्षांचा होता तेव्हापासून. आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

भाऊ ड्रोन वर न्यायचा. जरा वर गेलं की खूश व्हायचा. वाऱ्याने ते किंचित खाली आलं की त्याच्या अंगात सातव्या वर्षापासूनचा पतंग शिरायचा. पतंग खाली यायला लागला की आपण काय करतो? दोरी खेचतो आणि मागे पळतो. तसाच हा दोन्ही हात छातीशी ओढायचा, दोन्ही अंगठे रिमोटवरच्या दोन खुंट्या मागे खेचायचे आणि पाय उलटे पळायला लागायचे. आता त्या यंत्रात डावी खुंटी मागे म्हणजे खाली ये, आणि उजवी खुंटी मागे म्हणजे माझ्याकडे ये. ड्रोन बिचारं आज्ञाधारक. खाली यायचं आणि त्याच्याकडे यायचं. ते जितकं अंगावर येई तितकी हा दोरी खेची, जी नव्हतीच.

"अरे भाई," काका हताश होऊन म्हणायचे, "दोरी वगर शुं खेंचे छे? सोड, सोड! ढील दे!"

"ढील कशाला देऊ काका? दोरीच नाही ना!"

"मग खेचतो कशाला?"

भाऊ तोवर गंजीत असायचा.

मी त्याला खूप छळलं, हे कबूल करते. "शत्रूला काय कमी खर्चात जिंकता येईल," असं म्हणत होते, "नुसता जोराचा वारा सुटू दे." आईनेही एकदा यंत्राकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "याला चिकू तयार झालाय का ते कळेल का रे?"

"कॅमेरा आहे ना आई, दिसेल."

"दिसून काय उपयोग? कच्चा पण तपकिरी आणि तयार पण तपकिरी. नखाने खरवडून बघावं लागतं. नख आहे का त्याला?"

नख नव्हतं. आईने ते यंत्र कामातून बाद केलं आणि तिळाकडे वळली.

पण एका संध्याकाळी भाऊ माझ्याशेजारी पडवीत येऊन बसला. पाठीला बाम चोळलेला, त्या वासाने बोंबलांवर मात केली होती. मी म्हटलं, "सोड ना रे. केंद्रात जा. आराम कर. बायको बरोबर राहील."

तो शेंगेची टरफलं चुरत होता. मग म्हणाला, "ताई, पलटणीत मी अंधारात बॅरेकमध्ये शिरलो ना, तर नुसत्या पावलांवरून कुणीतरी म्हणतं, आला का रे तलासरीवाला. आता त्यातले अर्धे जाणार. काही इकडे, काही तिकडे. जे राहतील त्यांनी नवीन पोरांना सांगायचं ना, ही पलटण कशी होती. कुणी जुना नकोच का त्यात?"

मी छळायचं थांबवलं. निदान त्या संध्याकाळपुरतं.

खिडकीतून मशीनचा आवाज येत होता, तो मधेच बंद झाला होता हे मला नंतर आठवलं.

सकाळी भावजय परसात आली. हातात आईचं जुनं लुगडं. सरळ भावापाशी गेली आणि म्हणाली, "अहो, त्या झाडाला टेकून उभे राहा."

"कशाला?"

"राहा तर."

तो उभा राहिला. हवालदार असला तरी माणूस हुशार आहे, बायकोच्या कुठल्या आवाजापुढे प्रश्न विचारायचा नाही हे त्याला कळतं. तिने लुगड्याचे दोन वेढे त्याच्या छातीभोवती आणि दोन कंबरेभोवती घातले आणि चिकूच्या खोडामागे गाठ मारली. कोपरं अंगाला घट्ट. मोकळे फक्त मनगटाच्या पुढचे हात.

"आता पळा मागे," ती म्हणाली.

काका एवढे हसले की त्यांची कवळी सुटली.

"हसू नका काका," ती म्हणाली. मग भावाला, "हे बघा. शिवताना आपण कापड ओढलं ना, की सुई मोडते. कापड ओढायचं नसतं. मशीन नेतं त्याला. आपण बोटांनी नुसतं वळवायचं. तसं धरा ते."

माझ्या भावजयीचं माझ्या आठवणीतलं हे सगळ्यात लांब भाषण.

तीन दिवस तो रोज दोन तास झाडाला बांधलेला होता. पहिल्या दिवशी खांदे मागे जायला बघायचे आणि चिकूचं झाड हलायचं, दोन कच्चे चिकू त्याच्या डोक्यावर पडले. दुसऱ्या दिवशी झाड कमी हललं. तिसऱ्या दिवशी ब्लाऊज न्यायला एक बाई आल्या, त्यांनी परसात डोकावून पाहिलं, आणि ब्लाऊज न घेताच गेल्या. तासाभरात गावभर झालं की हवालदाराला बायकोने झाडाला बांधून ठेवलंय, नोकरीवर परत जाऊ देत नाही. अकरा वाजायच्या आत उपसरपंच आले. अतिशय गंभीर चेहऱ्याने झाडासमोर उभे राहिले.

"हवालदारसाहेब, काय असेल ते बोलून मिटवू. एकदम हे... बरं दिसत नाही."

"जय हिंद," भाऊ झाडावरून म्हणाला. "मी ट्रेनिंगवर आहे."

"किती दिवसांची शिक्षा... म्हणजे ट्रेनिंग?"

"उद्या संपेल," भावजय खिडकीतून म्हणाली. उपसरपंच चहा न पिता निघाले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि जाता जाता सांगितलं की माझ्या भावजयीच्या हाताला बरं का, फार जोर आहे. का सांगितलं? मला राहवेना.

चौथ्या दिवशी लुगडं सोडलं. भाऊ मोकळ्या परसात उभा राहिला, ड्रोन उडालं, वाऱ्याने हललं, खाली आलं, आणि त्याचे पाय जागच्या जागी राहिले. अंगठ्याने नुसतं वळवलं. ड्रोन उभं राहिलं. कोंबड्यासुद्धा बैलगाडीखालून बाहेर आल्या. त्यांना काही कळलं होतं असं मी म्हणत नाही.

मग संक्रांत. त्या दिवशी आमच्याकडे आकाशाला जागा नसते. भावाने खोकं उघडायचं नाही असं ठरवलं होतं, एवढ्या दोऱ्यांत यंत्र कोण घालेल? तिळगूळ झाला, जेवणं झाली, आणि घरामागच्या कापणी झालेल्या भातशेतात भावजय पतंग घेऊन उतरली. मागे आई, हातात फिरकी. ती जोडी बघून मला वाटलं आता फक्त ताशा पाहिजे.

"काढा तुमचं ते," भावजय म्हणाली.

"आज? वेडी झालीस का? दोरीत अडकेल."

"तिकडे काय तुम्हाला आकाश झाडून-पुसून देणार आहेत का?"

काकांनी लगेच पंच व्हायचं मान्य केलं. ड्रोन वर गेलं. भावजयीने पतंग चढवला. मला माहीतच नव्हतं की तिला पतंग येतो. एकोणीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. तिचं माहेर गुजरातेतल्या उंबरगावच्या बाजूचं, हे मात्र तेव्हा लक्षात आलं. ती मागे पळाली नाही, ओरडली नाही. उभ्या उभ्या मनगट असं काही फिरवलं की पतंग बाजूने घसरत आला आणि तिची सुती दोरी थेट पात्यांत. ड्रोन भातशेतात.

"काप्यो!" काका किंचाळले. मग भावाकडे बघून, "सॉरी, भाई."

खोक्यात पात्यांच्या तीन जादा जोड्या होत्या. तिने दुपारभरात दोन संपवल्या. भाऊ दर वेळी गुडघ्यावर बसून नवीन पाती बसवायचा, ती तोवर आकाशात पतंग स्थिर धरून वाट बघायची. तिची नजर वर. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "खरं सांग. तू त्याला तयार करतेयस की पाडतेयस?"

तिने मनगट हलवलं. "ताई, दोन्हीला हात तोच लागतो."

शेवटची जोडी बसवली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. या वेळी भावाची नजर यंत्रावरून हलत नव्हती. काकांच्या सूचना ऐकत नव्हता, माझे टोमणे ऐकत नव्हता. पतंग डावीकडून आला, ड्रोन हातभर उजवीकडे सरकलं. पतंग वरून आला, ते खाली बसल्यासारखं झालं आणि दोरीखालून निघून गेलं. तिने ढील दिली, खेचलं, फसवलं. आईच्या हातात फिरकी करकरत होती आणि आई, जिने ते यंत्र कामातून बाद केलं होतं, ओरडत होती, "पळ रे, पळ! आली बघ ती!" आता ही नेमकी कुणाच्या बाजूची, सुनेची की मुलाची, ते तिचं तिलाही कळत नसावं.

सूर्य ताडांच्या मागे गेला तरी तिला ते पाडता आलं नाही. तिने पतंग उतरवला. दोरी गुंडाळली. भाऊ मिशीआडून हसत तिच्याकडे आला. "काय मग?"

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

तो आठवड्याने परत गेला. परीक्षेचा दिवस कळला तेव्हा मी आगरची सगळी कामं जावेवर टाकून वेवजीला हजर झाले. एवढं नाटक बघितल्यावर शेवटचा अंक चुकवणारी मी नव्हे. दुपारपासून आई ओटी आणि फोन यांच्यामध्ये फेऱ्या घालत होती. काका आले ते सणासुदीचा सदरा घालून. भावजय मशीनवर, समोर कुणाचं तरी निळं ब्लाऊज, फोन मशीनच्या पाटीवर.

साडेचारला वाजला. तिने स्पीकर चालू केला.

"हॅलो," भाऊ. मागे वाऱ्याचा असा आवाज की जणू तो जहाजावर उभा आहे.

"जेवलास का?" आई.

"आई, परीक्षा झाली."

"ते कळलं. जेवलास का?"

"वारा बघ किती आहे," तो सांगायला लागला, आवाज चढलेला, शब्द एकमेकांवर पडत होते. "माझ्या आधी तीन पोरं होती, विशी-बाविशीची, फटाफट उडवणारी. वाऱ्याने तिघांचीही यंत्रं भलतीकडे नेली. मग माझा नंबर. इथे झाड नाही गं, म्हणून मी गाडीला पाठ लावली. साहेब म्हणाले, काय हवालदार, थकलात का? मी म्हटलं, नाही साहेब, आमच्याकडे असंच उडवतात. सांगितल्या जागी नेलं, फोटो काढले, सांगितल्या जागी उतरवलं. एक पाऊल मागे नाही."

"म्हणजे?" मी ओरडले. "म्हणजे काय रे? नीट बोल!"

"म्हणजे पास! नव्या तुकडीत नाव लागलं. पलटणीतच राहिलो, ताई! जुन्यातले चौघंच राहिलो, पण राहिलो!"

काकांनी सदऱ्याच्या खिशातून पेढे काढले, म्हणजे माणूस तयारीने आला होता. आईने देवाकडे हात जोडले आणि त्याच हातांनी डोळे पुसले. मी काय केलं ते सांगत नाही, वयाला शोभणारं नव्हतं. फोनमधून भाऊ विचारत होता, "ही कुठाय? तिला दे ना. अगं, ऐकलंस का?"

ती मशीनवरच होती. पाय थांबलेला, निळं ब्लाऊज सुईखाली तसंच. चेहरा खरोखर आनंदला होता, मी शपथेवर सांगते. तिने फोन तोंडाशी धरला, अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं, आणि सगळ्यांसमोर, स्पीकर चालू असताना, तिच्या तोंडून निघून गेलं:

"अहो, पण क्वार्टरच्या खिडक्यांना म्हणून मी चार पडदे शिवून ठेवलेत, त्यांचं आता काय करू?"